हंसाच्या पाठीवरची कपबशी

वर्धा जिल्ह्याला नाव नदीचं मिळालं, बोटी मात्र मिळाल्या नाहीत. वर्धा नदी मुलताईच्या बाजूने सातपुड्यातून उतरते, अमरावती-यवतमाळशी आमची हद्द आखत पश्चिमेच्या कडेने जाते आणि पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. एवढ्या वाटेत तिने आमच्याकडून होड्यांची फारशी अपेक्षा केलेली नाही. उन्हाळ्यात ती बऱ्याच ठिकाणी चालत ओलांडता येते, पावसाळ्यात ओलांडू नये; इतकं समजलं की आमचं नौकानयनशास्त्र पूर्ण झालं. बोर, धाम, निम्न वर्धा या धरणांच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्यांचे डोंगे असतात. ज्याच्याकडे डोंगा नाही तो ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकतो. कोकणातल्या मासेमारी बोटीच्या अंगावर आयएनडी-एमएचने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ठळक रंगवलेला असतो. आमच्या ट्यूबवर फार तर टायर कंपनीचं नाव असतं, तेही बसणाऱ्याच्या खाली.

त्यामुळे रंगवलेल्या बोटीवरची जुनी स्टिकरं रंगाला धक्का न लावता कशी काढावीत, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात निघण्याचं काही कारण नव्हतं. तो आमच्या भाऊजींनी काढला.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. सेलू तालुक्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं शेत आहे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना निघाली, तेव्हा भाऊजींनी मागितलं आणि त्यांना मिळालं. तळ्याला प्लास्टिकचं अस्तर घातलं, पाणी भरलं, पाण्यात आकाश दिसू लागलं आणि भाऊजींना पर्यटन दिसू लागलं. बोरला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा २०१४ साली मिळाला. देशातल्या सगळ्यांत लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. भाऊजींचा हिशेब सरळ होता. जंगल लहान, म्हणजे सफारी लवकर आटोपणार. वाघ काही प्रत्येकाला दिसणार नाही. हिरमुसून परतणाऱ्या माणसाला वाटेत काहीतरी मोठं, पांढरं आणि हमखास दिसणारं दाखवायचं आणि वर त्यात बसवायचं. म्हणून त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टच्या लिलावातून फायबरचा एक हंस आणला. पायडलचा. दोन माणसं पुढे, दोन मागे, मान उंच, चोच नारिंगी, आणि डोळ्यांत असा भाव, की हा लिलाव आपल्याला विचारून झालेला नाही.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून हंस गावात शिरला तेव्हा लोकांना वाटलं कुणाच्या तरी वरातीचं सामान आहे. पानठेल्यापाशी ट्रॉली थांबली.

“काहून भाऊ, हे बदक कितीले पडलं?”

भाऊजी दुखावले. “बदक नाही, हंस आहे.”

“हाव. पण कितीले?”

हंसाचा मूळ रंग पांढरा असावा असा अंदाज होता. खात्री करून घ्यायला मोकळी जागा नव्हती. पवनारला १९६७ साली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केलं, तेव्हा मातीच्या थरांतून एकाखाली एक काळ निघत गेले. या हंसाच्या पाठीवर तेवढं जुनं काही नव्हतं, पण थर तसेच होते. सगळ्यांत वर एका मोबाइल कंपनीची जाहिरात. ती कंपनी आता राहिली नाही, तिचं नेटवर्क तर असतानाही नव्हतं. तिच्याखाली ‘तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत’. बाजूला बदाम, बदामातून बाण, बाणाच्या दोन्ही टोकांना इंग्रजी अक्षरं. शेपटीवर ‘आईचा आशीर्वाद’. डाव्या कुशीवर ‘लाइफ जॅकेट घालणे बंधनकारक आहे’. आणि उजव्या पंखावर, ऐन मोक्याच्या जागी, हातभर रुंद अशी कपबशी. कुठल्या तरी जुन्या निवडणुकीतल्या एका अपक्षाची निशाणी. ‘आपला हक्काचा माणूस’ एवढं वाचता येत होतं. माणसाचं तोंड उन्हाने उडालं होतं.

हे सगळं तसंच राहिलं असतं. आपल्याकडे लावलेलं स्टिकर काढायची पद्धतच नाही. फ्रिजवर वीजबचतीच्या ताऱ्यांचं लेबल असतं. २००६ साली ही ताऱ्यांची योजना सुरू झाली, आणि तेव्हापासून घेतलेल्या फ्रिजवर ते तारे अजून आहेत. आतला कॉम्प्रेसर दोनदा बदलला तरी दारावरची गुणवत्ता कायम. गॉगलच्या काचेवरचं गोल स्टिकर न काढता एका डोळ्याने वर्धा-नागपूर करणारे बहाद्दर मी बघितले आहेत. नव्या टीव्हीच्या कडेची पारदर्शक पट्टी काढली तर टीव्ही जुना होतो, अशी आमच्या घरात अजूनही श्रद्धा आहे. मोटारीच्या काचांवरची काळी फिल्म काढायला तर सर्वोच्च न्यायालयाला २०१२ साली आदेश द्यावा लागला. माणूस आपणहून स्टिकर दोनच वेळा काढतो: गाडी विकताना, आणि लग्न मोडल्यावर.

भाऊजींना तिसरं कारण मिळालं. १५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नियम छापून आले. विनापरवाना राजकीय जाहिराती सरकारी मालमत्तेवरून २४ तासांत, सार्वजनिक जागेवरून ४८ तासांत आणि खासगी मालमत्तेवरून ७२ तासांत हटवायच्या. भाऊजींनी पेपर घडी करून खिशात घातला आणि हंसाकडे गेले. हंस खासगी मालमत्ता होता यात शंका नव्हती. म्हणजे ७२ तास.

“अहो, तो माणूस कधीच पडला. डिपॉझिट गेलं त्याचं,” ताई म्हणाली.

“म्हणूनच,” भाऊजी म्हणाले. “आता ही कपबशी इथं दुसऱ्या कोणाले मिळाली तं? मी त्याचा प्रचार करून रायलो, असं होईन.”

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. रस्त्यावरून तहसीलची गाडी गेली की भाऊजी हंसावर ताडपत्री टाकायचे. ताडपत्रीखालून मान तेवढी बाहेर राहायची, आणि त्यामुळे आतापर्यंत ज्यांनी हंसाकडे पाहिलं नव्हतं तेही पाहू लागले.

दुसऱ्या दिवसापासून सल्लागार जमायला लागले. आमच्या भागात एखाद्याचं पीक गेलं तर चार माणसं येतात, वर खाली पाहतात, हळहळतात आणि जातात. पण एखाद्याला काही काढायचं असेल, काटा, विंचू, जुनं स्टिकर, काहीही, तर चाळीस येतात आणि जात नाहीत.

पहिला मान गॅरेजवाल्याचा. त्याने हंसाभोवती फेरी मारली आणि म्हणाला, “थिनर मार. दोन मिंटात साफ.” भाऊजींनी हो-नाही म्हणायच्या आत त्याने फडकं ओलं करून चोचीपाशी असलेल्या एका छोट्या स्टिकरवर फिरवलं. दोन मिनिटं फार झाली. वीस सेकंदांत फडकं नारिंगी झालं आणि चोच पांढरी. स्टिकर जागच्या जागी, चमकत.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, कारण त्या दिवशी ते कुणीच सांगितलं नाही. थिनरला रंग आणि गोंद यांच्यात आपपरभाव नसतो. फायबरच्या बोटीचा मूळ पृष्ठभाग जेलकोटचा असतो, साच्यातच घातलेला, तो बराच सोसतो. पण त्यावर नंतर कुणी स्वस्तातला स्प्रे किंवा साधा ऑइल पेंट मारला असेल, तर थिनर आधी तो विरघळवतं आणि मग गोंदाची चौकशी करतं. वर प्लास्टिकची फिल्म आहे तोवर थिनर गोंदापर्यंत पोचतच नाही. कडेकडेने रंगात मुरतं. ॲसिटोनची, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवाची, गत तीच. म्हणून कुठलंही रसायन असो, आधी ते आडजागी, बुडाशी, कुणाला दिसणार नाही तिथे थेंबभर लावून बघायचं असतं. गॅरेजवाल्याने चोचीवर लावून बघितलं. तो म्हणाला, “रंगच डुप्लिकेट होता.” आणि निघून गेला. चोच पांढरी झालेला हंस आता खरोखरच बदक दिसू लागला.

मग ब्लेडवाले आले. ब्लेडने स्टिकर निघतं, हे खरं आहे, काचेवरचं. रंगावर ब्लेड चालवलं की स्टिकरची बाह्यरेषा रंगात कोरली जाते, आणि मग ते कायमचं होतं. पॉलिश पेपरवाले आले. पेट्रोलवाले आले, त्यांच्यातल्या एकाच्या तोंडात विडी पेटलेली होती. ताईने त्याला चहा न देता वाटेला लावलं, आणि माझ्या मते त्या दिवशी झालेलं सगळ्यांत मोठं आपत्ती व्यवस्थापन तेच.

पाचवे आले गुरुजी. निवृत्त, खादीचे, आणि नई तालीमवर अढळ निष्ठा असलेले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिच्याविषयी ते अशा ओघाने बोलतात की पहिल्या रांगेतली सतरंजी त्यांनीच अंथरली होती असं वाटावं. वास्तविक तेव्हा त्यांचा जन्म व्हायचा होता. हाताच्या कामातून सगळे विषय शिकवायचे, ही त्यातली समवाय पद्धती. गुरुजींनी गावातली पोरं बोलावली आणि हंसाला शाळा केलं. कपबशीचं क्षेत्रफळ काढा. बशीचा परीघ किती? स्टिकर कशाचं आहे? ऊन लागल्यावर ते कडक का होतं? पोरांनी बशीचा परीघ काढला, कपाच्या कानाशी अडली.

उपाय विचारल्यावर गुरुजी म्हणाले, “जबरदस्ती नको. कोमट पाणी, साबण आणि धीर. समोरच्याचं मन वळलं पाहिजे.”

कागदी स्टिकरांचं मन खरंच वळलं. ‘तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत’ हे अर्ध्या तासात लगदा होऊन निघालं. पण कपबशी व्हिनाइलची होती, आपल्याकडे ज्याला सरसकट रेडियम म्हणतात त्या दुकानातली. तिच्यावर पाणी घसरत गेलं, साबण घसरत गेला आणि संध्याकाळपर्यंत गुरुजींचा धीरही घसरला. ते जाताना एवढंच म्हणाले, “काही लोक असे असतातच.”

तेव्हाच कधीतरी मला या वस्तूचा थोडा आदर वाटू लागला. पाठीमागचा कागद सोलून थेट चिकटवायचं लेबल तसं फार जुनं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला स्टँटन एव्हरी यांनी १९३५ साली ते बनवण्याचा धंदा उभा केला. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९३४ मध्ये, इकडे वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत तेलघाणीवर प्रयोग सुरू झाले. जुना गोंद सुटायला तेलासारखा दुसरा सोपा उपाय नाही. म्हणजे दुखणं लॉस एंजेलिसला निघालं आणि औषध वर्ध्याला आधीच घाण्यावर चढलेलं होतं. ही गोष्ट मी भाऊजींना सांगितली. शहाण्या माणसाने भाऊजींना कुठलीही गोष्ट अर्धी सांगू नये. पण ते माझं उरलेलं वाक्य ऐकायला थांबलेच नाहीत.

ते थेट घाण्यावर गेले आणि जवसाचं तेल घेऊन आले. आपलं विदर्भातलं जवस, चटणीपासून पाठदुखीपर्यंत सगळीकडे चालणारं. वाटीने ओतून त्यांनी हंसाला अक्षरशः मालिश केली आणि मुरायला म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात सोडून दिलं. “पाह्य आता,” म्हणाले.

पाहिलं. दोन दिवसांनी हंस तेलकट राहिला नव्हता, चिकट झाला होता. त्याच्यावर धूळ बसली, कापसाचे तंतू बसले, तुरीच्या शेतावरून उडालेले किडे बसले, आणि एक माशी जी बसली ती उठलीच नाही. स्टिकरांना एक सोनेरी झळाळी आली. कपबशी तर शोकेसमध्ये ठेवल्यासारखी दिसू लागली.

मग पेंटरला बोलावणं गेलं. पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या लिहिणारा, फ्लेक्स आल्यापासून रिकामा झालेला आणि त्यामुळे स्टिकर-फ्लेक्स या एकूण जमातीवर जुना राग असलेला माणूस. त्याने हंसाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं, आणि भाऊजींकडे दयेने पाहिलं.

“जवस?”

“घाण्याचं. शुद्ध.”

“भाऊ, जवसाचं तेल वाळते. आम्ही रंगात तेच टाकत होतो. तुम्ही तं हंसाले वार्निस मारून रायले.”

हे अगदी खरं होतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याचा पापुद्रा बनतो. जुन्या काळापासून तैलरंगाचा पायाच ते आहे. गोंद सोडवायला न वाळणारं तेल लागतं: खोबरेल, किंवा निलगिरीचं, जे आधी गोंदात शिरतं आणि मग उडून जातं. घासलेटही चालतं, पक्क्या वाळलेल्या ऑइल पेंटला ते सहसा काही करत नाही. पण काहीही लावलं तरी नंतर ते धुऊन काढायचं असतं. भाऊजींनी स्टिकर काढायच्या ऐवजी त्याला संरक्षण दिलं होतं. आणि तोवर ७२ तास उलटून गेले होते. भाऊजी ताडपत्रीवर ताडपत्री टाकू लागले. रस्त्याने खरंच एकदा तलाठी आले, थांबले, ताडपत्री उचलून बघितली आणि विचारलं, “पायडल मारायले किती घेता?”

पुढचा इलाज भाचीने सांगितला. ती नर्सिंगला आहे, दिवाळीच्या सुट्टीत आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या डोक्यात पहिला शब्द आला तो स्पिरिट. आता हा शब्द पुण्या-मुंबईत नुसता शब्द आहे. वर्धा हा गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून १९७५ पासून इथे दारूबंदी आहे. मी मेडिकलच्या दुकानात जाऊन “स्पिरिटची मोठी बाटली द्या” म्हटलं तेव्हा काउंटरवरची तीन गिऱ्हाइकं बोलायची थांबली. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं.

“कायले पाहिजे?”

“हंसाला लावायला.”

“कोणाले?”

“हंसाला. स्टिकर काढायचं आहे.”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळू आवाजात, वडीलधाऱ्या सुरात म्हणाला, “काका, हे प्यायचं नसते. डोये जातेत.” त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि ते मला आधीपासून माहीत होतं, हे त्याला पटवण्याचा काही मार्ग नव्हता. शेवटी त्याने सर्वांत लहान बाटली दिली. तीन गिऱ्हाइकांनी ती माझ्या पिशवीत जाईपर्यंत नजरेने पोचवली. संध्याकाळी घरी बायकोला फोन आला होता.

खरं काम झालं ते मात्र स्पिरिटने नव्हे, भाचीच्या हाताने. आधीच्या सगळ्यांनी क्रम उलटा धरला होता. आधी वरची फिल्म काढायची, गोंदाची चिंता मग. आणि फिल्म ओढायची नाही, दुमडायची. पेशंटच्या हातावरची चिकटपट्टी काढताना ती वर खेचत नाहीत. एका हाताने कातडी धरायची आणि पट्टी तिच्याच पाठीवर उलटी दुमडत, अंगालगत, सावकाश न्यायची. वर खेचली की कातडी उचलली जाते, रंगाचंही तेच. त्याआधी फिल्म कोमट करायची. व्हिनाइल मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या द्रव्यांमुळे. पाच-सहा उन्हाळे, तेही पारा ४५ च्या वर नेणारे, अंगावर घेतल्यावर ती द्रव्यं निघून जातात आणि फिल्म खापरासारखी ठिसूळ होते. थंडपणी हात लावला तर नखाएवढे तुकडे पडतात. ऊब दिली की ती थोडा वेळ पुन्हा लवचिक होते. थोडा वेळच. आणि ऊब म्हणजे हाताला सोसेल इतकी. रंग भाजायची हीट गन नव्हे.

हेअर ड्रायर ताईच्या सुनेचा होता. वीज महावितरणची होती, आणि शेतावरच्या लाइनला तिची पाळी रात्रीची होती. त्यामुळे रात्री एक वाजता, जंगलाच्या कडेला, एका पांढऱ्या चोचीच्या हंसाची पाठ शेकत आम्ही पाच माणसं उभी होतो, असं दृश्य त्या आठवड्यात बोरच्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दिसलं असतं. एकाला दिसलं. तो दुचाकीवर होता. तो थांबला नाही, उलट त्याने गाडीचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या ध्यानात आलं, की सकाळी नऊ-साडेनऊचं ऊन तेवढीच ऊब फुकट देतं. दुपारचं नको, दुपारी गोंद पातळ होतो, फिल्म सोडून रंगावरच राहतो आणि खोबरेल लावावं तर तेही ओघळून जातं. सकाळचं उत्तम. कपबशी कडेपासून सुटायला लागली. बशी गेली, कान गेला, मग ‘हक्काचा’ गेला आणि ‘माणूस’ थोडा अडून बसला. भाचीने जुन्या एटीएम कार्डाची कड खाली सरकवली. राहिलेल्या गोंदावर ताईने खोबरेल चोपडलं, गप्पा मारत तासभर जाऊ दिला आणि सुती चिंधीने गोल गोल पुसून घेतलं. स्टीलच्या नव्या पातेल्यावरचं स्टिकर आतून गॅसवर शेकून काढणाऱ्या बाईला यातलं काहीच नवीन नव्हतं. “मले कोणी इचारलं होतं काय?” एवढंच ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. चाळीस जणांना विचारलं होतं.

जवसाचा चिकटा काढायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. ते काम पेंटरने केलं, आणि मजुरीशिवाय वर्ध्याहून गोरस पाकाचा एक डबा घेतला. मग भांड्याच्या साबणाने हंसाला तीनदा आंघोळ, कारण तेलाचा अंश राहिला तर पुढे ना रंग धरतो, ना पॉलिश.

हंस धुऊन, पुसून उन्हात उभा केला तेव्हा पहिल्यांदा सगळे टाळ्या वाजवणार होते. तेवढ्यात एक पोरगा म्हणाला, “कपबशी अजून दिसून रायली.”

दिसत होती. स्टिकर नव्हतं, गोंद नव्हता, बोट फिरवलं तर गुळगुळीत. पण पंखावर कपबशी होती. उघड्या राहिलेल्या भागाचा रंग इतकी वर्षं उन्हाने विटला होता, खडूसारखा भुरभुरला होता. स्टिकरखालचा रंग सावलीत राहिल्यामुळे कोराच होता. त्यामुळे प्रत्येक स्टिकर आता स्वतःच्याच आकारात, हंसाच्या मूळ पांढऱ्या रंगात, पहिल्यापेक्षा शुभ्र असं उमटलं होतं. उमेदवाराचं तोंड सोडून सगळं. इतक्या निवडणुका आणि इतके पक्षबदल बघितलेल्या आमच्या भागात, वरचं काढलं की मूळ रंग खालीच सापडतो ही घटना तशी दुर्मीळ. पेंटर तर हरखून गेला. त्याला आपल्या उमेदीच्या काळातला रंग बघायला मिळाला.

यावर उपाय एकच, विटलेला थर घासून काढायचा. रबिंग कंपाउंड, मऊ कापड, हलका हात, आणि मग वर मेण. पेंटरने दोन दिवस घासलं. कपबशी फिकी झाली, बदाम गेला, मोबाइल कंपनी दुसऱ्यांदा बुडाली. पण डाव्या कुशीवरची ओळ काही जाईना. ती सगळ्यांत आधी लावलेली असणार, आणि हंस नेहमी त्याच कुशीवर ऊन घेत उभा असणार. ‘लाइफ जॅकेट घालणे बंधनकारक आहे’: प्रत्येक अक्षर स्पष्ट, रस्त्यावरून वाचता येईल असं. पेंटर म्हणाला, आणखी घासलं तर खालचं फायबर उघडं पडेल. राहू द्या.

भाऊजींनी ते राहू द्यायचं ठरवलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आता ते वाचल्यावर येणारा पहिला पर्यटक जॅकेट मागणार. मागायलाच हवं. अस्तर घातलेलं शेततळं दिसायला गरीब असतं, पण ओलं प्लास्टिक इतकं निसरडं, की आत पडलेल्या पोहणाऱ्या माणसालाही काठ चढता येत नाही. म्हणून तर काठाने दोर सोडून ठेवतात. भाऊजींनी दोर सोडले होते. जॅकेट त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते हंसाने सांगितलं.

आम्ही दोघं वर्ध्याला बाजारात गेलो. दिवाळीची गर्दी होती. खेळाच्या सामानाच्या दुकानात बॅट होत्या, कॅरम होता, पोहण्याच्या टोप्या होत्या. त्याने आम्हाला शेजारी पाठवलं. शेजारी कपड्याचं दुकान होतं.

“लाइफ जॅकेट आहे का?” भाऊजींनी विचारलं.

दुकानदाराने मान हलवली. “लाइफचं नाही ठेवत आपण. दुसऱ्या कंपनीचं दाखवतो ना. टोपीवालं पाहिजे का बिनाटोपीचं?” आणि नोकराने वरून गठ्ठा ओढलासुद्धा. “पूर्ण रेंज दिवाळीनंतर येईन, पण हा माल पाहा. आतून फर आहे.”

भाऊजींनी एक जॅकेट हातात घेतलं, दाबून पाहिलं. चांगलं फुगीर होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो विचार मी ओळखला आणि त्यांना कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

“हे पाण्यात चालते काय?”

“चालते ना भाऊ,” दुकानदार म्हणाला. “बिनधास्त टाका. रंग गेला तं पैसे वापस.”